शी

टायरच्या दुकानावरची खोली. जिन्यातच रबराचा वास लागतो.
मंगळवार, शुक्रवार, साडेसहा ते आठ,
डिचोलीचा बाजार उठता उठता
मी फळ्यावर लिहितो नाम. त्याखाली नाउन.
पोरं म्हणावीत अशा वयाचं इथे कुणी नाही.

लाडू परब खाणीवर ट्रक चालवायचा.
खाण बंद पडल्यापासून ट्रक अंगणात, हौद्यात गवत.
त्याला आता बोटीवर जायचंय.
बॉस्त्यांव बोटीवरून कधीचाच परत आलाय,
तो नुसता सोबतीला येतो आणि दर तासाला एकदा सांगतो,
"थंय ग्रामर नासता सर, येस सर आसता."
आणि आवली गावकर, काजूच्या कारखान्यातली,
टरफलाच्या तेलाने जिच्या बोटांची सालं गेलीत,
खडू धरला तरी चुरचुरतं.

मी सांगतो, क्रियापदाला इथे मधे बसावं लागतं.
आपल्यासारखं शेवटी येऊन
वाक्याचं दार ओढून घेता येत नाही.
आपण म्हणतो पुलाखाली, देवळापाशी,
ते आधी म्हणतात खाली, मग पूल दाखवतात.
"म्हणजे रिव्हर्स," लाडू म्हणतो.
हो, रिव्हर्स. आरशात बघून.

मग इट इज हॉट.
"कोण हॉट?"
कुणी नाही. उकडतंय.
"मग इट कोण?"
कर्त्याशिवाय त्यांचं वाक्य उभं राहत नाही, मी म्हणतो,
म्हणून एक रिकामी खुर्ची मांडून ठेवलीय.
"आमचे पंचायतीवरी," बॉस्त्यांव म्हणतो.

त्या शुक्रवारी दहा ओळी लिहायला दिल्या होत्या,
भावावर किंवा बहिणीवर.
आवलीच्या वहीत, गोल अक्षरात:
धिस इज माय सिस्टर. इट इज नाइनटीन.
इट इज वर्किंग इन कॅश्यू फॅक्टरी.
इट इज नॉट मॅरीड.
इट सिंग्ज गुड.

लाल पेन उचललं ते तसंच राहिलं.
इंग्रजी चुकलं होतं, भाषांतर चुकलं नव्हतं.
घरी तरणी पोर तें असते.
तें आयलें, तें जेवलें, तें न्हिदलें.
माझी आई माझ्या बहिणीला तेंच म्हणायची,
पेजेवर लोणच्याची फोड ठेवताना,
आणि त्या तें मध्ये जेवढी माया होती
तेवढी मला पुढे कुठल्या सर्वनामात सापडली नाही.
तेच तें इंग्रजीत उतरवलं
तर उकाड्याच्या शेजारी जाऊन बसतं,
किती वाजले त्याच्या शेजारी.

"माणसाला इट नाही," मी म्हटलं. "बाईमाणसाला शी."
"शी!" लाडूने नाक मुरडलं,
खोली फिसकन हसली.
केवलप्रयोगी अव्यय. मी अजून शिकवलंही नव्हतं.

आवली हसली नाही.
"लग्न जावंक ना, तरी?"
तरी.
"पाळण्यातल्यालाही?"
तिलाही.
"आदीं विचारत नाहीत?"
नाही, मी म्हटलं, आणि माझं मलाच
थोडं नवीन ऐकल्यासारखं वाटलं.

तिने एकेक इट खोडलं. पट्टी लावून.
मग म्हटलं, शी रोज कामाला जाते
असं लिहायचं, तर वर्कला मागे एस लागतो. शी वर्क्स.
"एस कित्याक?"
ती एकटी आहे म्हणून. एकवचन.
तिने एस काढला, जरा मोठाच.

खाली हॉर्न वाजला, दोनदा.
आवली खिडकीतून वाकली, वही पिशवीत कोंबली,
चपला शोधत म्हणाली,
"वतां सर. शी आयली."

आयली. आयलें नव्हे.
जिन्यात तिची पावलं, मग स्कूटर,
मग दोघींचं काहीतरी मोठ्याने बोलणं
जे मला वरून कळलं नाही.

फळ्यावर इट इज हॉट तसंच होतं.
पुसलं नाही. खरंच उकडत होतं.